सोमवारचा ठिपका

सोमवारी सकाळी कारखान्याचं दार उघडलं की धाकटी आधी कंप्युटरचा पडदा पुसायची, मग खुर्चीत न बसता तशीच वाकून पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघायची आणि साऱ्या गल्लीला कळावं अशा आवाजात जाहीर करायची, "डिस्कची तब्येत ठणठणीत!" ऐकायला असायची एकटी थोरली जाऊ. ती मान वर न करता म्हणायची, "छान झालं. आता माझ्या तब्येतीचंही बघ, चहा टाक."

कारखाना हा शब्द सासऱ्यांचा. होत्या दोनच खोल्या, पुढची गिऱ्हाइकांची आणि मागची कामाची. पण तिथे काय बनतं ते कळलं की नवखा माणूस दोन पावलं मागे सरायचा, कारण तिथे डोळे बनायचे. अपघातात किंवा आजारात ज्याचा डोळा गेला, त्याच्या रिकाम्या खोबणीचं माप घ्यायचं, तिथे नेमका बसेल असा डोळा घडवायचा आणि शेजारच्या खऱ्या डोळ्याकडे बघत त्यावर बुबुळ रंगवायचं. रंगवायची थोरली. सासऱ्यांनी ही विद्या पोटच्या दोन्ही मुलांच्या गळी उतरवायला जिवाचं रान केलं, पण मुलांनी नोकऱ्या धरल्या आणि विद्या सुनेकडे गेली. मग धाकटी सून आली. तिने मापं, साचे, घासकाम, फोटो सगळं अंगावर घेतलं, आणि कंप्युटर तर माहेरून आणल्यासारखा ताब्यात घेतला. ब्रशवर थोरलीचं राज्य, कंप्युटरवर धाकटीचं. सीमेवर रोज चकमकी झडायच्या आणि खरं सांगायचं तर दोघींनाही त्या आवडायच्या.

दर भेटीत गिऱ्हाइकाच्या चांगल्या डोळ्याचे मोठाले फोटो काढून ठेवायचे, ही धाकटीने पाडलेली पद्धत. बुबुळात बारीक धागे असतात, बाहुलीपासून कडेपर्यंत पसरलेले, आणि एकाचे दुसऱ्यासारखे नसतात. गिऱ्हाईक घरी गेल्यावर थोरली त्या फोटोंवरून धागे मोजूनमापून रंगवायची. पहिली काही वर्षं कॅमेरा उलटा टांगलेला होता, कारण थोरल्या दिरांनी, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याने, मोठ्या हौसेने बनवलेल्या स्टँडवर तो सरळ बसवला की दिव्याला अडायचा. तेव्हाचे सगळे डोळे फोटोत डोक्यावर उभे. धाकटीने कटकट करून करून शेवटी स्टँड बदलायला लावला. जुने उलटे फोटो सरळ करायचं मात्र सवडीवर टाकलं, आणि सवड कुणाला मिळते?

पडद्याचीही एक गंमत होती. एकदा बँकेतल्या एका साहेबांचा डोळा पडद्यावरच्या फोटोवरून रंगवला आणि तो चक्क शेवाळी निघाला. साहेब आरशात बघून काही बोलले नाहीत, त्यांच्या बायको मात्र दोघांच्या वाटचं बोलल्या. त्याच दिवशी थोरलीने फर्मान काढलं. पडदा खोटं बोलतो, त्याचे रंग बंद. रंग घ्यायचा तो जिवंत डोळ्यावरून, खिडकीच्या उजेडात. फोटो फक्त धागे बघायला आणि कुठे गडद, कुठे फिकं ते बघायला. धाकटीने पडद्यावरचे सगळे रंग काढून टाकले आणि तेव्हापासून त्या खोलीतला कंप्युटर काळा, पांढरा आणि राखाडी एवढंच दाखवू लागला.

कोपऱ्यातला ठिपका त्याच्याही आधीचा. धाकटीच्या दादाचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. डिस्कवर नजर ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम त्याने टाकून दिला होता आणि बजावलं होतं, "आठवड्यातून एकदा हा ठिपका बघत जा. आणि सगळ्याची दुसऱ्या डिस्कवर प्रत काढून ठेव." पहिली गोष्ट धाकटीने नेमाने पाळली. दुसरीबद्दल तिचं म्हणणं असं की, धडधाकट माणसाला कुणी सलाईन लावून निजवतं का? हा प्रोग्रॅम मधूनच पडद्यावर एखादी पाटी झळकवायचा आणि थोरलीचा ब्रश दचकायचा, म्हणून त्या पाट्याही तिने बंद करून टाकल्या होत्या. ठिपका होता ना. दर सोमवारी तो जागच्या जागी, गोल गरगरीत, शेजारी डिस्कचं तापमान. आणखी काय हवं?

त्या सोमवारी घोषणा झाली, चहा झाला, आणि पोहणाऱ्या बाई आल्या.

बाई पोहायला शिकवायच्या. अर्ध्या शहराला त्यांनी पाण्यात ढकललं होतं. डावा डोळा लहानपणीच गेलेला, त्यामुळे कारखान्याचं हे सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. एकदा त्यांचा तो डोळा तलावातच पडला, तेव्हा त्यांनी शिट्टी फुंकून अख्ख्या वर्गाला बुड्या मारायला लावल्या होत्या आणि ज्या पोरीने तो वर आणला तिला तिथल्या तिथे वरच्या वर्गात चढवलं होतं. आज त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता, हातात काठी होती आणि अर्धं पाऊल मागे त्यांची लेक होती.

"उजवाही गेला," बाईंनी दारातूनच सांगितलं. "आजार होता, काढावा लागला. जखम भरली म्हणतात डॉक्टर. आता तुम्ही जोडी करा. जोडीत काही सूट आहे का?"

कुणी हसलं नाही, तेव्हा त्या स्वतःच हसल्या. थोरलीने ब्रश खाली ठेवला. त्या उजव्या डोळ्याकडे बघत बघत तिने डावा कितीदा रंगवला होता. स्वतःच्या मुलांच्या डोळ्यांकडे ती इतकी बघत बसली नसेल. तिला रडू आलं. बाईंना दिसणार नाही म्हणून तिने ते येऊ दिलं, पण शेवटी नाक ओढलं आणि ते मात्र ऐकू गेलं.

"रडू नका हो," बाई म्हणाल्या. "हात थरथरला तर माझा डोळा तिरळा होईल."

"अहो, नाही रडत," थोरली म्हणाली. "डाव्यासारखाच उजवा करू ना?"

"डाव्यासारखा नाही. उजव्यात मुंगी हवी."

मुंगी म्हणजे काय ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. बाईंच्या उजव्या बुबुळात खालच्या बाजूला एक इवलासा तपकिरी डाग होता. डाव्यात तो कधीच रंगवला नव्हता, कारण जन्मतः तो उजव्यातच होता. लेक लहान असताना तिला वाटायचं, आईच्या डोळ्यात मुंगी बसली आहे. रोज सकाळी ती आईला खिडकीशी न्यायची, हनुवटी धरून तोंड वर करायला लावायची आणि मुंगी हलली का ते बघायची.

"आई, काळा चष्मा तर असणारच आहे," लेक म्हणाली. "कशाला त्यांना उगाच त्रास?" ती हे बोलली ते फरशीकडे बघून. मग तिचा फोन वाजला आणि ती सुटल्यासारखी बाहेर गेली.

धाकटीने बाईंच्या उजव्या खोबणीत मापाचा लगदा भरला. तो घट्ट होईपर्यंत मान हलवायची नव्हती. तशाच ताठ बसून बाई धाकटीला म्हणाल्या, "बघितलंत ना? ऑपरेशन झाल्यापासून ती माझ्याकडे बघून बोलत नाही."

"तुम्हाला कसं कळतं?"

"आवाज खालून येतो. जमिनीवर आपटून वर येतो. जन्मभर तलावाच्या काठावर उभी राहून शिकवलंय हो मी, कोण कुठे तोंड करून ओरडतंय ते मला पाठमोरीलाही कळतं." "घाबरते ती. चष्मा काढला की खोली सोडते. वाईट नाही पोर, माया आहे तिला, पण ह्या रिकाम्या खाचेकडे बघवत नाही तिला. माझं मला दिसत नाही त्याचं मी बघून घेईन. तिला मी दिसले पाहिजे. आणि मुंगी जागेवर हवी हं. केसभर सरकली तरी तिला कळेल, आणि मग ती परत कधी बघायची नाही."

धाकटीचा ऊर भरून आला आणि ऊर भरून आला की ती वचनं देते, हा तिचा स्वभावच होता. "जागेची काळजी सोडा," ती छातीठोकपणे म्हणाली. "तुमच्या उजव्या डोळ्याचे ढिगाने फोटो आहेत आपल्याकडे. डिस्कची तब्येत मी सकाळीच बघितली, ठणठणीत आहे. शब्द देते तुम्हाला."

आणि शब्दाला लागलीच पुरावा म्हणून तिने बाईंचं फोल्डर उघडायला घेतलं. ते उघडेना. पडद्यावरचं गोल चक्र फिरत राहिलं, आणि टेबलाखालून आवाज आला. टक. थोडं थांबून पुन्हा टक.

"हे काय टकटकतंय?" बाईंनी विचारलं. "नळ गळतोय का?"

"जुनं मशीन आहे," धाकटी म्हणाली. "बोलतं कधीकधी."

बाई लेकीबरोबर गेल्या. धाकटीने बाह्या सरसावल्या. तब्येत उत्तम असताना हे यंत्र नखरे करतंय म्हणजे काय? तिने प्रोग्रॅम उघडला, त्यात 'संपूर्ण तपासणी' असं एक मोठं बटण होतं, ते दाबलं, आणि दादाला फोन लावला. सुरुवातच तिने भांडणाने केली.

"तुझा प्रोग्रॅम बिघडलाय. डिस्क बरी आहे म्हणतो आणि फोल्डर उघडत नाही."

"बरी आहे असं कोण म्हणतं?"

"ठिपका म्हणतो. दर सोमवारी बघते मी."

"कुठला रंग आहे ठिपक्याचा?"

"राखाडी."

"अगं, राखाडी नसतोच तो. हिरवा म्हणजे बरी, पिवळा म्हणजे आजारी, लाल म्हणजे नातेवाइकांना कळवा. राखाडी कुठून आणलास?"

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. इतके सोमवार तिच्या मनात तो ठिपका हिरवाच होता, कारण पहिल्यांदा बघितला तेव्हा तो हिरवा होता. त्यानंतर तिनेच पडद्याचे रंग काढले, आणि ठिपक्याचाही रंग गेला, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने पटकन पडद्याचे रंग परत चालू केले. बाजूला दुसऱ्या गिऱ्हाइकांची बुबुळं उघडी होती. ती सगळी एकदम जागी झाली, निळी, घारी, मधाच्या रंगाची, काळीभोर. कोपऱ्यात ठिपका होता. पिकल्या लिंबासारखा पिवळा.

"पिवळा," ती म्हणाली.

"कधीपासून?"

तेवढ्यात टेबलाखालून लागोपाठ दोनतीनदा टकटक झालं आणि दादाला फोनमधूनही ते ऐकू गेलं.

"काय लावलंयस तू आत्ता?"

"संपूर्ण तपासणी."

"बंद कर! आधी बंद कर ती! धाप लागलेल्या माणसाला धाप किती लागते ते बघायला जिना चढवतात का? ती तपासणी डिस्कचा कोपरानकोपरा वाचायला लावते. आधी आतलं सामान बाहेर काढायचं, मग तब्येत बघायची. मशीन बंद कर, हात लावू नकोस, मी निघालो."

मशीन बंद झालं. थोरलीने खुर्ची फिरवली. तिने सगळं ऐकलं होतं.

"घोषणा तर खणखणीत करायचीस," ती म्हणाली.

"रंग कोणी काढायला लावले?"

"मी पडद्याचे काढायला सांगितले होते, अकलेचे नाही."

"तुमचा ब्रश दचकतो म्हणून पाट्या बंद केल्या मी, जाऊबाई! कुणासाठी केल्या?"

"आणि प्रत काढू नकोस म्हणूनही मीच सांगितलं होतं वाटतं?"

धाकटीचे डोळे भरून आले. थोरलीने तिच्याकडे बघितलं आणि तिचा पारा सर्रकन उतरला. "बरं, चूक नंतर वाटून घेऊ," ती म्हणाली. "अर्धी तुझी, अर्धी माझी. मला फक्त सांग, बाईंची मुंगी निघेल का?"

"तुम्हाला नाही का आठवत ती कुठे होती ते?"

"घड्याळ धरलं तर पाचच्या काट्यावर. रंग तर मी झोपेत सांगेन. पण कडेपासून किती, कुठल्या दोन धाग्यांमध्ये, ते फोटोशिवाय नाही जमायचं. आणि ती लेक केसभराचा फरक ओळखणार आहे. निघेल का सांग."

"निघेल," धाकटी म्हणाली. कशाच्या जोरावर म्हणाली ते तिचं तिलाही माहीत नव्हतं, पण एकदा म्हटल्यावर तिला स्वतःलाच धीर आला.

दादा आला तो नवी डिस्क आणि वायरींची पिशवी घेऊनच. त्याने आजारी डिस्क बाहेर काढली, स्वतःच्या मशीनला जोडली, कान लावून ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"ऐक," तो म्हणाला. "रीत अशी की सगळी डिस्क एका दमात उचलायची. सोपं ते आधी, दुखरं ते शेवटी. एकेका फाइलसाठी तिला इकडून तिकडे पळवलं तर मध्येच मान टाकेल आणि बाकीचं सगळं जाईल. इतक्या वर्षांचं काम आहे तुमचं."

"आधी बाई," धाकटी म्हणाली.

"अगं, एका गिऱ्हाइकासाठी बाकीच्यांवर पाणी सोडणार?"

"बाकीच्यांचे डोळे त्यांच्या त्यांच्या तोंडावर आहेत, दादा. एकेकाला फोन करीन, हात जोडीन, बोलवीन, परत फोटो काढीन. बाईंचा डोळा आता जगात कुठेच नाही. ह्या डब्यात आहे तेवढाच. आधी बाई, मग जग."

दादाने थोरलीकडे बघितलं. थोरलीने मान डोलावली. धाकटीच्या राज्यातला निर्णय तिने विनातक्रार मान्य केला असा हा पहिलाच प्रसंग असावा. दादा कामाला लागला.

बाईंचं सगळ्यात अलीकडचं फोल्डर आधी घेतलं. डिस्क टकटकली, थांबली, कण्हली, आणि एक फोटो आला. तिघंही वाकून बघू लागले. वरची पापणी आली, बुबुळाचा वरचा भाग आला, बाहुली निम्मी आली, आणि त्याच्या खाली नुसता सपाट राखाडी पट्टा. दुसरा फोटो आला, तोही तसाच. तिसरा बाहुलीच्या जरा खालपर्यंत पोहोचला आणि थोरली आणखी पुढे वाकली, पण पाचच्या काट्याच्या आधीच तोही संपला.

"फोटो वरून खाली लिहिलेला असतो," दादा म्हणाला. "डिस्कने मध्येच हात टेकले की खालचं जातं. सगळ्यांचं खालचंच जाणार."

त्याच्या मागच्या भेटीचे फोटोही तसेच निघाले. त्याच्या मागचे तर उघडलेच नाहीत. टकटक आता थांबतच नव्हती. थोरली खिडकीशी जाऊन उभी राहिली. एक मुंगी, आणि ती नेमकी खालच्या अंगाला! वरच्या बाजूला असती तर देवाचं काय बिघडलं असतं?

"जाऊबाई!" धाकटी ओरडली. "उलटे!"

"काय उलटे?"

"जुने फोटो! भाऊजींच्या स्टँडवरचे! ते उलटे आहेत! मी सरळ केलेच नाहीत!" ती दादाचा दंड धरून गदागदा हलवू लागली. "त्यांच्यात डोळ्याचं खालचं वर आहे. अर्धाच फोटो आला तरी आपल्याला हवं ते अर्धं येईल!"

"इतका जुना डोळा चालेल?" दादाने विचारलं.

"मोठ्या माणसाच्या बुबुळातला डाग चालत फिरत नाही," थोरली खिडकीकडून परत येत म्हणाली. "नावाचीच मुंगी आहे ती. काढ तू."

दादाने पहिल्या वर्षाचं फोल्डर धरलं. पहिली फाइल आली नाही. दुसरी आली नाही. तिसरीवर डिस्क इतका वेळ अडून बसली की दादाने हात चोळायला सुरुवात केली. मग फोटो आला. वरती खालची पापणी, उलटी. मग पांढरा भाग, मग बुबुळाची कड, मग धागे, आणि अकराच्या काट्याशी एका तिरक्या धाग्याला चिकटून, स्वच्छ आणि ठसठशीत, मुंगी. बाहुलीपाशी फोटो संपला आणि खाली राखाडी पट्टा लागला. तो पट्टा कितीही मोठा असता तरी आता कुणाला पर्वा नव्हती. थोरलीने धाकटीच्या पाठीत असा धपाटा घातला की तिला खोकला आला.

धाकटीने तो अर्धा फोटो सरळ फिरवला, नव्या फोटोचा वरचा अर्धा त्याला जोडला, धाग्याला धागा भिडवला. बाईंचा उजवा डोळा पूर्ण झाला आणि पडद्यातून तिघांकडे बघू लागला.

"रंगीतच आहे की," दादा म्हणाला. "आता ह्याच्यावरून रंगवून टाका."

"पडद्यावरचा रंग राहू दे तुझ्यापाशी," थोरली म्हणाली. "भिजलेल्या दालचिनीचा रंग आहे तो, कडेला जरा उजळ. धाकटे, रंग बंद कर. मला धागे बघू दे."

बाकीची डिस्क दादाने रीतीप्रमाणे उचलायला घेतली. तिने अर्ध्याहून जास्त दिलं आणि मग मान टाकली ती कायमची. धाकटीने एकेका गिऱ्हाइकाला फोन केले, थापा न मारता झालेलं सांगितलं आणि सगळ्यांना परत बोलावलं. बँकेतले साहेब आले ते बायकोला घरी ठेवून. नव्या डिस्कची एक प्रत दादाच्या दुकानात गेली, एक घरच्या कपाटात. आणि सोमवारी पडदा पुसल्यावर आधी रंग चालू व्हायचे, मग घोषणा.

"कुठला रंग?" थोरली विचारायची.

"हिरवा."

"नीट बघ."

"हिरवा आहे हो! इथे येऊन बघा ना तुम्हीच."

आणि थोरली खरंच उठून यायची आणि बघायची.

बाईंचे डोळे बसवायचा दिवसही सोमवारचाच आला. डावा जुनाच होता, नुसता घासून चकचकीत केलेला. उजवा धाकटीने हलक्या हाताने वरच्या पापणीखाली सरकवला, खालची पापणी जरा ओढली आणि तो बसला. थोरली बाजूला झाली. आपलं काम आपण बघत राहिलं की दुसऱ्याला बघता येत नाही, असं तिचं मत होतं.

लेक दाराशी उभी होती. पर्सच्या पट्ट्याशी चाळा चालला होता.

"झालं?" बाईंनी विचारलं. "मुंगी आहे?"

"असेल ना आई. त्यांनी केलीय म्हणजे असेलच," लेक फरशीला म्हणाली.

बाईंनी वाद घातला नाही. त्या खुर्चीतून उठल्या, चेहऱ्यावर ऊन कुठून लागतं त्याचा अंदाज घेतला, दोन पावलं खिडकीकडे सरकल्या आणि हनुवटी वर करून उभ्या राहिल्या. मुलांना पाण्यात उडी मारायला सांगून त्या अशाच काठावर थांबत असणार. जो घाबरला आहे त्याला त्या ढकलत नव्हत्या आणि तिथून हलतही नव्हत्या.

धाकटीला वाटलं, आता आपणच त्या लेकीला हाताला धरून आणावं. थोरलीने तिचा पदर मागून घट्ट धरून ठेवला.

लेक आली. येताना तिची नजर खालीच होती, आईच्या चपलांपर्यंत आली, मग साडीच्या काठावर, मग गळ्यापाशी येऊन पुष्कळ वेळ अडली. मग तिने हात पुढे केला आणि आईची हनुवटी धरली. लहानपणी धरायची तशी, दोन बोटांनी. उजेडाकडे जराशी आणखी वळवली. वाकली. बघत राहिली.

"आई," ती म्हणाली. "अगं, हललीच नाहीय ही. तिथेच बसलीय अजून."

बाईंनी कान दिला होता. त्यांनी चाचपडत लेकीच्या गालापर्यंत हात नेला आणि तो ओला आहे हे कळल्यावर तिथेच ठेवला.

"समोरून आला," त्या धाकटीला म्हणाल्या. "आवाज समोरून आला हो."